खोक्यात टिकेल तेच विका

घरच्या बागेतली रोपे ऑनलाइन विकायचे मनात आले की बहुतेक जण आधी एकच गोष्ट शोधायला लागतात: सध्या कोणत्या झाडांना मागणी आहे? मागणीचे नंतर पाहू. त्याआधी आपल्या बाल्कनीत किंवा परसात उभे राहून प्रत्येक झाडाबद्दल वेगळाच प्रश्न विचारायचा. हे झाड अंधाऱ्या, बंद खोक्यात, उलटेसुलटे होत, पाण्याचा थेंब न मिळता चार दिवस राहिले तर पलीकडे जिवंत उतरेल का? उतरणार नसेल तर त्याला कितीही मागणी असली तरी ते तुमच्या कामाचे नाही. कळ्यांनी लगडलेला मोगरा घरात हेवा वाटावा असा दिसतो. तोच मोगरा खोक्यात घातला की झाडातूनच निघणारा इथिलीन वायू आत साचतो. आंबे पिकवतो तोच हा वायू. त्याने पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात आणि गिऱ्हाइकाला मिळतात काड्या.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या अलीकडे सोरतापवाडीच्या परिसरात रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून तर ट्रकच्या ट्रक भरून झाडे देशभर जातात. अरेका पाम, शोभेचा क्रोटन, कलमी गुलाब यांत तुम्ही त्यांच्याशी भावात टक्कर देऊ शकणार नाही आणि देऊही नये. त्यांना जे किरकोळ, वेळखाऊ आणि किचकट वाटते, ते तुमचे क्षेत्र. सोनटक्क्याचे कंद, आजीच्या परसातल्या गावठी गुलाबाची छाटकलमे, पानवेलीचे मुळे धरलेले पेर, रेन लिलीचे चार रंगांचे कंद, हॉयाच्या दोन-तीन जाती. हे मोठ्या रोपवाटिकेत एक तर नसते किंवा कुठल्या कोपऱ्यात आहे ते तिथल्या माणसालाही सांगता येत नाही. विकत घेणारा मात्र त्यासाठी महिनोन्‌महिने विचारत फिरत असतो.

तेव्हा सुरुवात पाच-सहा प्रकारांनी करा. पन्नास प्रकारांची यादी दिसायला छान दिसते, पण प्रत्येकाची दोनच रोपे असली की पहिल्या आठवड्यात निम्म्या यादीपुढे ‘संपले’ लिहावे लागते.

प्रवासाला सर्वांत सोपे म्हणजे कंद. निशिगंध, रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखे फूल देणारी फुटबॉल लिली यांचे सुप्तावस्थेतले कंद माती झटकून, सावलीत दोन दिवस सुकवून, कागदी पिशवीत घालून पाठवले की आठवडाभरही काही होत नाही. नवशिक्याने पहिली पार्सले कंदांचीच करावीत असे माझे स्पष्ट मत आहे. हात बसतो आणि नुकसान होत नाही. सोनटक्क्याचा कंद थोडा नाजूक. तो पूर्ण वाळू द्यायचा नाही, किंचित दमट कोकोपीटमध्ये गुंडाळायचा.

त्यानंतर मांसल पानांची मंडळी: जेड, कोरफड, हॉवर्थिया, सॅन्सेव्हेरिया म्हणजे स्नेक प्लांट, अडेनियम. ही झाडे पाणी अंगातच साठवतात, त्यामुळे मातीशिवाय, उघड्या मुळांनी पाठवता येतात. त्यांचा शत्रू कोरडेपणा नाही, ओल आहे. पाठवण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद करायचे, कुंडीतून काढल्यावर मुळे एक-दोन दिवस सावलीत वाळू द्यायची, मगच बांधायचे. पाणी घालून, ‘प्रवासात तहान लागू नये’ म्हणून कोणी कोरफड ओली बांधली, तर ती पोहोचते ती कुजकी.

तिसरा गट वेलींचा. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, हॉया, पानवेल यांना प्रत्येक पेरावर मूळ धरायची सवय असते, म्हणून प्रवासात दोन पाने गेली तरी वेल परत फुटते. औषधी आणि स्वयंपाकाच्या झाडांत पानओवा आणि गवती चहा भरवशाचे. गवती चहाची पाती वीतभर ठेवून छाटायची आणि मुळांसकट फुटवा पाठवायचा. पुदिना मात्र लोक मागतात म्हणून घेऊ नका. तो दोन दिवसांत काळा पडतो. हंसराज आणि इतर नेचे, रेक्स बेगोनिया, कोवळ्या दांड्याचा कोलियस आणि हंगामी फुलझाडांची लहान रोपे ही गावातल्या गावात, हातोहात विकायची.

एखाद्या झाडाबद्दल शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. ते नीट बांधून खोक्यात घाला, रोज दोनदा खोके उलटे करा, पलंगाखाली सरकवा आणि पाचव्या दिवशी उघडा. त्यात पास झालेले झाड मग नागपूरच्या मावशीला किंवा कोल्हापूरच्या मित्राला पाठवा आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ मागवा. गिऱ्हाइकाच्या पैशावर प्रयोग करू नयेत.

आता रोपे तयार करण्याकडे वळू. विकायच्या प्रत्येक जातीची दोन-तीन मातृझाडे राखून ठेवायची आणि कोणी कितीही पैसे देऊ केले तरी ती विकायची नाहीत. छाटकलमांसाठी जून ते ऑगस्ट हे आपल्याकडचे सोन्याचे महिने. हवेत ओल असते, ऊन बेताचे असते, बहुतेक काड्या तीन ते पाच आठवड्यांत मुळे धरतात. काडी दहा ते पंधरा सेंटिमीटरची, तीन-चार डोळ्यांची, ना फार कोवळी ना फार जून. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, धारदार आणि पुसून घेतलेल्या कात्रीने. खालची पाने काढून टाकायची. मांसल झाडांची काडी मात्र कापल्या कापल्या लावायची नाही. चार दिवस सावलीत ठेवून कापाच्या जागी खपली धरू द्यायची.

माती जड असते, आणि कुरिअरवाला वजनाचे पैसे घेतो, म्हणून पिशव्यांतले मिश्रण कोकोपीटवर आधारलेले ठेवा. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात. ती भिजवून, पिळून, दोनदा तरी पाणी बदलून धुवायची. त्यात परलाइट किंवा धुतलेली जाडसर वाळू आणि मूठभर गांडूळखत एवढे पुरते. काडी लावल्यावर तिला ओढून पाहायचा मोह रोज होतो. महिनाभर हात आवरावा. पिशवीच्या खालच्या भोकातून पांढरी मुळे डोकावली की रोप तयार होऊ लागले आहे असे समजायचे, आणि त्यानंतरही निदान दोन-तीन आठवडे ते तिथेच वाढू द्यायचे. फुटलेली पाने म्हणजे मुळे नव्हेत. काडीतल्या साठ्यावर पाने येतात आणि साठा संपला की काडी वाळते. असे अर्धवट रोप विकले गेले तर ते मरते गिऱ्हाइकाच्या घरी, आणि तो बिचारा महिनाभर स्वतःलाच दोष देत राहतो. पुन्हा मात्र तुमच्याकडे येत नाही.

शेवटचे आठ-दहा दिवस रोपाला थोडे जास्त ऊन, थोडे कमी पाणी आणि खत अजिबात नाही. सावलीत लाडाने वाढलेले, लुसलुशीत रोप फोटोत सुंदर दिसते, पण प्रवासात पहिल्यांदा तेच माना टाकते.

किडीबद्दल मी जरा कडक आहे. पिठ्या ढेकूण, खवले कीड, कोळी आणि मावा हे घरच्या बागेचे कायमचे पाहुणे. आपल्या घरी आपण ते चालवून घेतो. पण एका पानाच्या बगलेत बसलेला पांढरा कापसासारखा ठिपका दुसऱ्याच्या चाळीस कुंड्यांत पसरला, तर तो माणूस जे लिहील ते वाचून पुढचे पन्नास जण थबकतील. बाहेरून आणलेले प्रत्येक नवे झाड तीन आठवडे वेगळे ठेवा. पाने उलटी करून पाहायची सवय लावा. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडा सौम्य साबण, अशी फवारणी संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा केली की बराचसा बंदोबस्त होतो. पाठवायच्या दिवशी मात्र फवारायचे नाही, कारण पाने ओली राहतात.

विकताना झाडाचे नाव नक्की हवे. बाजारात ‘जेड’ म्हणून दोन वेगळी झाडे विकली जातात, एक क्रासुला ओव्हाटा आणि दुसरे पोर्टुलाकारिया आफ्रा. आपल्याकडे ज्याला सगळे ब्रह्मकमळ म्हणतात ते रात्री फुलणारे निवडुंगाच्या कुळातले एपिफायलम, आणि हिमालयातले ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया, ते पुण्या-मुंबईच्या हवेत यायचे नाही. तेव्हा घरगुती नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहा. फुलाचा रंग स्वतः पाहिलेला नसेल तर ‘रंग सांगता येत नाही’ असेही लिहा. जाणकार गिऱ्हाईक अशा ओळीवर जास्त विश्वास ठेवते.

फोटोचे तसेच. मातृझाडाचा दहा फुलांचा फोटो आणि हातात येणार चार पानांची काडी, यातूनच बहुतेक भांडणे होतात. जे रोप जाणार आहे त्या आकाराच्या रोपाचा फोटो, शेजारी उभी केलेली पट्टी, पिशवीतून काढलेल्या मुळांचा एक फोटो, आणि मग हवा तर मातृझाडाचा, खाली ‘दोन वर्षांनी असे दिसेल’ असे लिहून.

पॅकिंग ही या धंद्याची खरी कारागिरी आहे. रोप आदल्या दिवशी सकाळी पाणी देऊन ठेवायचे, म्हणजे बांधताना मिश्रण दमट असते, ठिबकत नाही. पिशवीचे तोंड खोडाभोवती गुंडाळून चिकटपट्टीने बंद करायचे. वाटेत खोके उलटे होणार आहे असे धरूनच चालायचे, आणि सुटलेले कोकोपीट पानांवर बसले की पाने कुजतात. पिशवीभोवती प्लॅस्टिकचा एक वेढा, पानांभोवती मात्र प्लॅस्टिक कधीच नाही. पानांना वर्तमानपत्राचा कागद. तो वाफ शोषून घेतो. लांब फांद्या एका काडीला सैल बांधायच्या. मग रोप खोक्याच्या तळाशी किंवा भिंतीला पक्के करायचे. पिशवीवरून एक जाड चिकटपट्टी खोक्याला आतून चिकटवली तरी काम होते. खोके बंद करून कानाशी धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडा.

खोके कोरे असेल तर तीन पदरी पुठ्ठा लहान पार्सलला पुरतो. चार-पाच रोपे असतील तर पाच पदरी घ्या. दोन्ही बाजूंना पेन्सिल जाईल एवढी चार-चार भोके. ‘जिवंत झाडे’ आणि ‘ही बाजू वर’ असे मोठ्या अक्षरात, मराठीबरोबर इंग्रजीतही लिहा. कोणी वाचेल अशी आशा ठेवा, पण बांधणी मात्र कोणी वाचणार नाही असे समजूनच करा.

आणि वार पाहा. सोमवार, मंगळवार, फार तर बुधवारी पार्सल द्यायचे. शुक्रवारी दिलेले खोके रविवारी कुठल्या तरी गोदामात बसते. दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस सगळ्यांच्या फराळाच्या आणि कपड्यांच्या पार्सलांनी तुंबलेले असतात, तेव्हा नव्या ऑर्डरी घ्याव्यात पण ‘दिवाळीनंतर पाठवू’ असे सांगूनच. एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत विदर्भ, मराठवाडा, खानदेशाकडे रोपे पाठवायची नाहीत. बाहेर बेचाळीस अंश असताना डिलिव्हरीच्या गाडीतल्या खोक्यात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. तो काळ कंद, कोरड्या मुळांची मांसल झाडे आणि गावातल्या विक्रीचा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे थंडीची अडचण असते, तिथेही हाच नियम लावा.

पाठवायचे कशाने? स्पीड पोस्ट खेड्यापाड्यांत पोहोचते. खाजगी कुरिअर मोठ्या शहरांत झटपट. आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एसटीचे किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीचे पार्सल विसरू नका. संध्याकाळी पुण्यात ठेवलेले खोके सकाळी लातुरात उतरते. गिऱ्हाइकाला स्टँडवर जावे लागते एवढेच.

खाजगी कुरिअरचा हिशेब करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. बहुतेक कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचे, म्हणजे किलो येतात. ३० × २० × १५ चे खोके हातात सातशे ग्रॅमचे लागले तरी हिशेबात १.८ किलोचे असते. २५ × १० × १० चे खोके बरोबर अर्ध्या किलोत बसते. म्हणून आधी दोन-तीन मापांची खोकी ठरवा आणि मग त्यात बसतील अशी रोपे वाढवा. उलटे करणारे लोक वाढलेले देखणे रोप खोक्यात बसवताना फांद्या मोडत बसतात.

भाव ठरवताना लोक शेजारच्या नर्सरीत डोकावतात आणि तिच्यापेक्षा दहा रुपये कमी लावतात. तिथे कुरिअर नाही, खोके नाही आणि मेलेल्या पार्सलाची भरपाईही नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. समजा, तुम्ही पाच रोपांचा संच घरपोच ४५० रुपयांना विकलात. पिशवी, मिश्रण, खत, मेलेल्या काड्या धरून एका रोपाला १५ रुपये, म्हणजे ७५. खोके, कागद, चिकटपट्टी ३५. कुरिअर ११०. किरकोळ १०. झाले २३०. दहा पार्सलांपैकी एक बिघडून पुन्हा पाठवावे लागेल असे धरा, म्हणजे प्रत्येक पार्सलावर आणखी २३. एकूण २५३, हातात राहिले १९७. त्यात तुमचा अर्धा तास पॅकिंगचा, कुरिअरच्या दुकानापर्यंतची खेप, आणि ‘ताई, पानं थोडी पिवळी दिसतायत’ अशा रात्री साडेदहाच्या मेसेजला उत्तर. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण नुकसानीची ओळ हिशेबातून गाळू नका. पहिल्या पावसाळ्यात दहातले एकच बिघडले तर तुम्ही नशीबवान.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एकच रोप पाठवले तरी खोके आणि कुरिअर जवळपास तेवढेच लागते. म्हणून सुटे रोप विकूच नका. ‘पूर्वेच्या बाल्कनीसाठी चार’, ‘ऊन न येणाऱ्या घरासाठी तीन’, ‘स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी’ असे संच करा. शहरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसाला झाडांची नावे ठाऊक नसतात, खिडकीत ऊन किती येते एवढे ठाऊक असते.

घरपोच पैसे देण्याची सोय, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, झाडांच्या बाबतीत ठेवू नका. पुस्तक परत आले तर पुन्हा विकता येते. दाराला कुलूप म्हणून परत फिरलेले रोप आठ-दहा दिवसांनी तुमच्या हाती येते तेव्हा ते खतात टाकण्याच्याच लायकीचे असते, वर जाण्या-येण्याचे भाडे तुमच्या माथी. यूपीआयने आधी पैसे, मग पार्सल. ज्याला विश्वास वाटत नाही त्याने आधी कंदांचे लहानसे पाकीट मागवावे असे सुचवा.

विकायची जागा कोणती, यावर नवे लोक फार वेळ घालवतात. वेबसाइट, लोगो, छापील खोकी हे सगळे पहिल्या वर्षी नसले तरी चालते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरचा कॅटलॉग, रोजचा एक स्टेटस आणि इन्स्टाग्रामवर कलम कसे लावतात याचे छोटे व्हिडिओ एवढ्यावर पहिली शंभर गिऱ्हाइके मिळतात. मोठ्या बाजारपेठांच्या संकेतस्थळांवर कमिशन, परतीच्या अटी आणि वेळेचे बंधन असते. चार कुंड्यांच्या धंद्याला ते झेपत नाही. त्यापेक्षा आपल्या शहरातली फुलझाडांची प्रदर्शने गाठा. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत, मुंबईत राणीच्या बागेत फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनांत झाडवेडी माणसे स्वतःहून बोलतात, आणि कोणाकडे काय नाही ते तिथेच कळते.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही आपल्या दुकानांतली जुनी पाटी ऑनलाइन विक्रीत उपयोगाची नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही, आणि नियमितपणे विकणारी गृहिणीही विक्रेतीच ठरते. झाडाच्या बाबतीत वाद टाळायचा सोपा मार्ग असा: पार्सल मिळाल्याच्या दिवशी, खोके उघडतानाचा न थांबवलेला व्हिडिओ पाठवला तर मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप किंवा पैसे. ही अट पैसे घेण्याआधी सांगायची. आणि खोक्यात एक चिठ्ठी: आल्यावर लगेच मोठ्या कुंडीत लावू नका, खत घालू नका, आठवडाभर कडक उन्हात ठेवू नका, मांसल झाडाला तीन-चार दिवस पाणी देऊ नका. तक्रारींपैकी बऱ्याच या चिठ्ठीतच संपतात, कारण नवे झाड आले की आपल्याकडे सगळ्यांना पहिली घाई पाणी घालायचीच असते.

कागदपत्रांचे थोडक्यात. जिवंत झाडे, रोपे आणि कंद यांवर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही करावी लागत नाही. पण रोपाबरोबर चिनीमातीची कुंडी बेंगळुरूला विकलीत की चित्र बदलते. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. म्हणून पहिले वर्षभर तरी कुंड्यांच्या नादी लागू नका. प्राप्तिकराच्या बाबतीत, २००८ च्या वित्त कायद्यापासून रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीचे उत्पन्न मानले जाते. सोरतापवाडीहून आणून दुप्पट भावाने विकलेल्या रोपांना ही सवलत लागू होईल असे समजू नका. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा आणि वर्षातून एकदा सीएला दाखवा. चालू खाते उघडताना बँक धंद्याचा पुरावा मागते. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्यांना नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जुने लोक यालाच गुमास्ता म्हणतात.

काही झाडे मात्र मनाप्रमाणे विकता येत नाहीत. आंबा, पेरू, डाळिंब, लिंबू यांची कलमे विकायची तर महाराष्ट्रात १९६९ पासून फळरोपवाटिकांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि कृषी विभागाचा परवाना लागतो. वांगी-टोमॅटोचे घरचे बी पाकिटात भरून विकणेही १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली येते. शेजाऱ्याला मूठभर दिले तर गोष्ट वेगळी, विकायला लागलात की परवान्याचे विचारावे लागते. नोंदणीकृत संरक्षित वाणांची कलमे पैदासकाराच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आणि जंगलातून उपटून आणलेले काहीही विकू नका. सीतेच्या वेणीसारख्या आमरी आणि कंदीलपुष्पाचे कंद यांना शौकिनांत मोठी किंमत येते, म्हणून सह्याद्रीतून ते ओरबाडले जातात. स्वतः वाढवलेल्या झाडापासून केलेले रोप नसेल तर त्याला हात लावू नये. जलपर्णीची निळी फुले पाण्याच्या टाकीत गोजिरी दिसतात म्हणून ती विकणारेही आहेत. पुण्यातला पाषाण तलाव किंवा पंचगंगेचे पात्र एकदा पाहून या, मग तिची जाहिरात करायची इच्छा होणार नाही. कण्हेर, अडेनियम, डिफेनबाकिया अशी विषारी झाडे विकताना मुलांपासून आणि मांजरांपासून दूर ठेवा, ही ओळ न विसरता लिहा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोठी परवानगी सरकारची नसतेच, सोसायटीची असते. गच्ची तुमच्या घराच्या डोक्यावर असली तरी ती सामाईक आहे. तीनशे पिशव्यांचे ओले वजन, तळमजल्यापर्यंत ओघळणारे तांबडे पाणी आणि मे महिन्यातले टँकरचे बिल यांवर वार्षिक सभेत तुमचाच विषय निघेल. लेखी परवानगी घ्या, पिशव्या थेट स्लॅबवर न ठेवता लोखंडी स्टँडवर आणि खाली ट्रे घालून ठेवा, पाणी झारीने घाला. बरेच जण याच कारणासाठी सुरुवात गावाकडच्या घराच्या अंगणातून करतात आणि शहरातल्या घरी फक्त पॅकिंग ठेवतात. आईवडील गावी असतील आणि त्यांना झाडांचा नाद असेल तर ही विभागणी उत्तम. मात्र त्यांच्या कामाचे पैसे हिशेबात लावा, घरचेच म्हणून सोडून देऊ नका.

थोडे नाव झाले की एक मागणी हमखास येते: परदेशातून. न्यू जर्सीतल्या वहिनींना कढीपत्त्याचे रोप हवे असते, दुबईतल्या दादाला सोनटक्का. वनस्पती बाहेर पाठवायला रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, शिवाय त्या देशाचे आयातीचे नियम वेगळे. कढीपत्ता तर लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणारा ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सिट्रस सिला कीड त्यावर पोसली जाते, म्हणून अमेरिकेसारखे देश त्याबाबत अतिशय कडक आहेत. ‘सामानात लपवून नेते, नुसती दोन रोपं द्या’ असे कोणी म्हणाले तरी देऊ नका. विमानतळावर ती कचऱ्यात जातील, वर दंड होईल तो वेगळा. वहिनींना सांगा, तिथल्याच परवानाधारक रोपवाटिकेत विचारा. आणि पुण्यात त्यांच्या सासूबाई असतील, तर संच तिकडे पाठवा.